गुळणी

आईने तांब्या उंच धरून घोटभर पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले, खळखळ आवाज करत गुळणी केली आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, गटारीत पचकन थुंकली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "झाली माझी. आता कोण?"

खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या त्या अरुंद गल्लीत ओट्यावर बसलेल्या बायका आधी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांतली एक फिसकन हसली. मालनआजी मात्र हसली नाही. ती त्यांच्यात सगळ्यांत मोठी. तिने हो म्हटल्याशिवाय गल्लीत कुणी काही करत नाही, हे दर्शनाने आम्हाला येतानाच सांगून ठेवलं होतं. दर्शना तिची चुलत नात. ती बिचारी प्लास्टिकच्या नळ्यांची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी होती.

"मी तुझे घरान येऊन तुना तोंड धू सांगतंय काय गो?" मालनआजी आईला म्हणाली. "जलमभर मासली विकली मी बाजारान. मना असां सांगाची कुणाची हिंमत नाय झाली."

"म्हणून तर आधी मी धुतलं," आई म्हणाली. "माझं तोंड तुमच्यापेक्षा घाण. सकाळपासून तीन चहा झालेत, आणि येताना रिक्षावाल्याला शिव्या दिल्यात त्या वेगळ्याच."

"कसल्या शिव्या?"

"मालवणी."

मालनआजीच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली. "मंग सांग ना. आमाला पन शिकव."

मी तिथे पिशव्या धरायला गेले होते. रविवारी सकाळी आईचा फोन आला होता, "अपू, दांड्याला जायचंय, चल. दर्शनाच्या थुंकीचं काम आहे." मी पार्ल्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. रविवारी माझ्या मनात वाचायचं बरंच असतं. पण आई असं म्हणाली की का, कशाला, हे विचारून उपयोग नसे. ती आधी निघायची आणि रिक्षात बसल्यावर सांगायची.

रिक्षात तिने सांगितलं ते असं. दर्शना दांड्यातली एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी. आई अंधेरीच्या ज्या संशोधन संस्थेत नोकरी करत होती, तिथे एक वर्षाचं प्रशिक्षण चालतं. ज्यांच्या घरातून, ज्यांच्या वस्तीतून आजवर कुणी प्रयोगशाळेत गेलेलं नाही, अशा मुलांना माणसाचा जीनोम, म्हणजे पेशीपेशीत लिहिलेला त्याचा सगळा वारसा, वाचायला शिकवायचं. कोळीवाड्यांतली, पाड्यांवरची, झोपडपट्ट्यांतली मुलं. वर्ष संपलं की समिती बसते आणि त्यांतल्या काहींना पीएच.डी.ची जागा मिळते. दर्शनाने काम घेतलं होतं ते आपल्याच कोळीवाड्याचं. जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांची लाळ गोळा करायची आणि त्यातून त्यांचा वारसा वाचायचा. औषधांच्या मात्रा ठरतात त्या भलत्याच लोकांची शरीरं तपासून. दर्यावरच्या माणसांबद्दल त्या शास्त्राला फारसं काही ठाऊकच नाही.

पहिल्या खेपेला तिने आणलेल्या नळ्यांपैकी बऱ्याचशा वाया गेल्या. लाळ द्यायच्या आधी तोंड स्वच्छ धुवायचं आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम असतो. दर्शनाला तो पाठ होता. पण जिने आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्या म्हातारीला "तोंड धुऊन ये" कसं म्हणणार? दांड्यात असं म्हणतात ते ज्याने घाणेरडं काही उच्चारलं त्याला. ज्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही त्याला. आणि कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणायचं, तर मग गेलीसच कशाला? म्हणून दर्शना प्रत्येक घरी चहा प्यायली. तिच्यासोबत घरातलेही प्यायले, कारण पाहुण्याला एकट्याने पिऊ द्यायची रीत नाही. म्हाताऱ्यांच्या दाढेखाली मशेरी होती ती तिथेच राहिली. मग तिने नळ्या काढल्या. यंत्राने त्यांत नको नको ते शोधून काढलं. एका नळीत तर बोंबील सापडला.

"बोंबील!" आई रिक्षात इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं आणि त्याच गडबडीत तो खड्ड्यात गेला. मग त्याला शिव्या.

दर्शनाच्या मार्गदर्शक, शर्मिष्ठा मॅडम, रागावल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की सगळं परत गोळा कर. महिनाअखेरीला समिती बसेल तेव्हा नमुने पूर्ण नसतील तर मला तुझ्यासाठी बोलता येणार नाही. दर्शना जिन्याखाली जाऊन रडत होती, तिथे ती आईला सापडली.

*

जिन्याखाली आईचं टेबल होतं.

आई बारावी झालेली. लग्नाआधीच संस्थेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. तिचा फोनवरचा आवाज वेगळा होता, स्वच्छ आणि थोडा वरच्या पट्टीतला. घरीही फोन आला की "बोला, सुगंधा बोलतेय" हे ती त्याच आवाजात म्हणायची आणि पुढचं वाक्य एकदम खाली यायचं, "काय गं, कुठे उलथली होतीस?" पुढे संस्थेतलं एक्स्चेंज काढून टाकलं. ऑपरेटरचं काय करायचं, हा प्रश्न आला. त्याच सुमाराला हे प्रशिक्षण सुरू झालं होतं आणि त्याचं ऑफिसचं काम कुणालाच नको होतं. ते आईला दिलं. खोली नव्हती, म्हणून जिन्याखाली टेबल, एक किटली आणि एक फोन.

"पोरांना फोन करून काय मिळतं?" आई म्हणायची. "हो ताई, बरा आहे ताई. संपलं. फोन घरी करायचा."

आणि ती खरंच घरी करायची. तलासरीला राजारामच्या वडिलांना, घाटकोपरच्या टेकडीवर नाझनीनच्या आईला. वडिलांचा खोकला, गाईचं वासरू, धाकट्या बहिणीला बघायला येणं, सगळं तिच्याकडे जमा. कोण न सांगता सोडून जायच्या बेतात आहे, हे तिला त्या मुलाच्याही आधी कळत असे.

तिला त्या शास्त्रातलं काय कळत होतं, हे मला कधीच नीट समजलं नाही. तिचं स्वतःचं एक मत होतं. "शरीरात पण एक्स्चेंजच असणार ना रे? चुकीचा नंबर लागला की आजार."

"ताई, तसं नसतं," राजाराम म्हणायचा.

"मग कसं असतं? सांग. दोनदा सांग, माझं डोकं चालत नाही आजकाल."

वर्गात ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे असा तो मुलगा जिन्याखाली तासभर बोलायचा. आधी त्याच्या वारलीत, मग मराठीत. मग आई म्हणायची, "आता इंग्रजीत पण सांगून टाक. मला ऑपरेटरची सवय आहे, ऐकायला बरं वाटतं." तो तेही सांगायचा. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मुलांनी तिला हे असं समजावलं, आणि पुढच्या वर्षी नवीन मुलं आली की तिचं मत पुन्हा तेच. एक्स्चेंज, चुकीचा नंबर. तिला खरंच कळत नव्हतं की ती मुद्दाम करत होती? मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तू पुस्तकं वाच."

एका दसऱ्याला राजारामचे वडील झेंडूची माळ, नारळ आणि हळदकुंकू घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. मुलगा ज्या यंत्रावर काम करतो त्याची पूजा नको? आतलं यंत्र कोट्यवधींचं, धुळीचा कण चालत नाही, आणि हा माणूस हळदीची पुडी सोडतोय. शर्मिष्ठा मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. आई धावत जिन्याखालून आली. "थांबा दादा, आत यंत्र झोपलंय," असं म्हणून तिने कोठीतून त्या यंत्राचं मोठं रिकामं खोकं बाहेर काढलं, पुसलं आणि कॉरिडॉरमध्ये मांडलं. "हे त्याचं घर. पूजा घराची करतात ना वास्तूला? तशी करा." खोक्याला हळदकुंकू लागलं. माळ बांधली ती मुलीचा डबा घेऊन आलेल्या नाझनीनच्या आईने, कारण तिच्याकडे दोरा होता आणि तिला घट्ट गाठ मारता येत होती. नारळ बाहेर पार्किंगमध्ये फुटला. तेव्हापासून दर दसऱ्याला ते खोकं निघतं. मॅडमही आता खोबरं मागून घेतात.

हर्षद, माझा नवरा, तिला एकदा जेवताना म्हणाला होता, "आई, एवढं का करता? पगार तेवढाच ना?"

आई कोलंबीचं डोकं चोखत होती. ते तिने बाजूला ठेवलं. "अरे, रक्त न्यायला, थुंकी न्यायला आमच्या वस्तीत सगळे येतात. लहानपणापासून बघत्येय मी. नेतात, आणि मग आपल्याला कळत पण नाही पुढे काय झालं. वाचायला आमच्यातलं कोण बसतं तिथे? एक तरी बसू दे ना." मग पुन्हा डोकं उचललं. "तू खा. गप्पा मारून कालवण थंड करू नको."

*

तर त्या रविवारी मालनआजीच्या ओट्यावर.

आई तिच्या शेजारी जाऊन बसली. "आम्ही पण दर्यावरचेच. माझ्या आज्याची होडी होती मालवणास. मग बाप इकडे गिरणीत आला आणि आमचं सगळं सुटलं. मशेरी आहे?"

मालनआजीने डबी पुढे केली. आईने चिमूटभर घेतली, बोटाने दातांवर फिरवली आणि डोळे मिटले. मी थक्क होऊन बघत राहिले. माझ्या आयुष्यात मी तिला मशेरी लावताना पाहिलं नव्हतं.

"झकास," ती म्हणाली. "घरची?"

"मंग काय दुकानातली?"

"आता आपली दोघींची तोंडं सारखी झाली," आई म्हणाली. "आता दोघी मिळून धुवू. पोरीचं काम आहे गो बाय. तिला तुला सांगायला जीभ वळत नाही. तू तिची आजी. मी कोण? मी सांगते. राग धरायचा तर माझ्यावर धर."

मालनआजीने दर्शनाकडे बघितलं. दर्शनाने खाली बघितलं.

"आन तो तांब्या," मालनआजी म्हणाली.

दोघींनी एकदमच गुळण्या केल्या. कुणाची लांब जाते यावर समोरच्या बायकांनी पैज लावली. मालनआजी जिंकली. मग एकेक करत बाकीच्याही उठल्या. त्यानंतरचा अर्धा तास कठीण होता, कारण चहा नाही, पान नाही, मशेरी नाही, आणि घरात पाहुणी बसलेली. आईने तो बोलून भरला. मालवणी शिव्या तिने अर्थासकट सांगितल्या. एक्स्चेंजमध्ये असताना संस्थेच्या एका साहेबाची बायको आणि त्याची आई यांना चुकून एकाच लाइनवर कसं जोडलं, ते सांगितलं. बायका पोट धरून हसत होत्या. दर्शनासुद्धा हसत होती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती हसत हसत नळ्यांची झाकणं उघडत होती.

"तू नाय थुकत?" मालनआजीने नळी तोंडाशी धरून आईला विचारलं.

"माझी थुंकी मालवणची. तिला इथे कोण विचारतंय?"

दुपार कलली तेव्हा त्या गल्लीचं काम झालं होतं. मागच्या गल्लीतली घरं राहिली होती, ती नंतर करू असं ठरलं. रिक्षात आईने पाय चपलेतून काढून माझ्या पिशवीवर ठेवले. "तू काय वाचत्येस सध्या?" तिने विचारलं. हा प्रश्न ती नेहमी विचारायची आणि मी सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला दुसरीकडे बघायची. मी सांगितलं. तिने तिसऱ्या वाक्याला एका दुकानाची पाटी वाचली. वाकोल्याला तिच्या घरी पोचल्यावर म्हणाली, "वर चल. बांगड्याचं कालवण आहे, डब्यात देते." मी म्हटलं, उशीर झालाय. ती म्हणाली, "बघ बाबा," आणि जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यावर ती थांबली आणि खाली वाकून मला हात केला. जिन्यात थांबायची तिला सवय होती. कुणी विचारलं तर म्हणायची, जरा बघते, कोण आलंय कोण गेलंय.

सोमवारी सकाळी ऑफिसला जायला निघालेली ती वाकोल्याच्या बसस्टॉपवर खाली बसली. कुणीतरी रिक्षात घालून तिला हॉस्पिटलात नेलं. तिच्या फोनवरून मला फोन आला तेव्हा मी शाळेत नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. मी पोचले तेव्हा हर्षद आधीच आला होता. डॉक्टर त्याच्याशी बोलत होते आणि त्याने मान खाली घातली होती.

*

पुढचे दिवस आईच्या घरात मी होते असं म्हणतात. मला त्यातले तुकडेच आठवतात. एवढं नक्की आठवतं की मला चूल पेटवावी लागली नाही. संध्याकाळ झाली की तिची मुलं यायची, ह्या वर्षीची आणि जुनीही. कुणी भाकऱ्या आणायचं, कुणी खिचडीचं पातेलं. नाझनीन आल्यागेल्यांना चहा करायची. तिला कुठल्या डब्यात साखर हे माझ्याआधी सापडायचं. राजाराम दारातल्या चपला जोडीने लावत बसायचा. त्याला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला हळूच विचारलं, "ही सगळी कोण गं? तुमच्यातली वाटत नाहीत."

"आमच्यातलीच," मी म्हटलं.

दर्शना आली नाही.

तेरावं झाल्यावर शर्मिष्ठा मॅडम आल्या. आईच्या खुर्चीत न बसता खाली सतरंजीवर बसल्या. मग म्हणाल्या, "दर्शना त्या दिवसापासून लॅबमध्ये आलेली नाही. फोन बंद आहे. शुक्रवारी समिती आहे. पहिल्या गल्लीचे नमुने उत्तम आलेत, अगदी स्वच्छ. मागची घरं राहिली आहेत. ते वाचून व्हायला वेळ लागेल, तो मी मागून घेईन. पण नमुने हातात आहेत एवढं तरी मला दाखवता आलं पाहिजे." त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं. "अशा वेळी मी काय करायचे, माहितीये? जिन्याखाली जाऊन सांगायचे. दोन दिवसांत मुलगा समोर हजर."

"तिची जागा जाईल?"

"जाईल. आणि पुढच्या वर्षी ती परत येईल असं मला वाटत नाही. गेलेली मुलं परत येत नाहीत, अपूर्वा. सुगंधाताई त्यांना जाऊच द्यायच्या नाहीत, म्हणून आम्हाला ते कधी कळलं नव्हतं."

त्या गेल्यावर मी दर्शनाला फोन लावला. बंद होता. मग मी चपला घातल्या.

*

दांड्याच्या किनाऱ्याला बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. दर्शना तिथे उभी राहून ते उलटत होती. मला बघून तिचे हात थांबले. पळून जाईल की काय असं मला क्षणभर वाटलं.

"मी आले होते ताई," ती एकदम म्हणाली. "वाकोल्याला. तुमच्या जिन्यापर्यंत आले होते. वर राजाराम चपला लावत होता. त्या चपला बघितल्या आणि परत फिरले."

"का गं?"

"कोणत्या तोंडाने येणार होते? एवढ्या उन्हात मी फिरवलं त्यांना. चूक माझी, आणि फिरल्या त्या. मी पहिल्यांदाच सगळ्यांना नीट सांगितलं असतं तर त्या रविवारी घरी झोपल्या असत्या ना?"

"आई? रविवारी झोपणार?"

ती हसली नाही.

"दर्शना, उन्हाने नाही झालं ते. डॉक्टर म्हणाले, हृदयाची नस कितीतरी वर्षांपासून बंद होत आली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. जिन्यात थांबायची ती. आम्हाला वाटायचं, तिला चौकशा करायला आवडतं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"मला ते जमत नाही. आईला विचार हवं तर," मी म्हटलं.

दर्शनाने झटकन वर बघितलं. एका कावळ्याने बोंबील ओढला, दर्शनाने हाताने त्याला हाकललं.

"शुक्रवारी समिती आहे," मी म्हटलं.

"माहितीये."

"मग?"

"सोडते मी, ताई. इथे पण हात लागतातच की." तिने वलांडीकडे बोट दाखवलं. "आणि तिकडे आता जिन्याखाली कोण आहे?"

यावर बोलण्यासारखं मी आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांत पुष्कळ असेल. त्यातलं एकही वाक्य मला तिथे उपयोगी पडेना. मी म्हटलं, "तुझं काम मला कळत नाही. मी तुझी आजी नाही, सुगंधाताई पण नाही. मला पिशव्या धरता येतात. नळ्या कुठे आहेत?"

"घरी आहेत. पण नाही होणार. मालनआय हो म्हणेपर्यंत मागच्या गल्लीतलं कोणी देणार नाही. आणि तिच्यासमोर मी जाऊ शकत नाही."

"का?"

"ती रोज विचारते, मालवणी कवा येते? मी सांगितलं, गावाला गेल्यात." दर्शनाने ओढणीने नाक पुसलं. "सांगायचंच होतं. पण तोंडातून निघेना. मग दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत तेच सांगितलं. आता तिच्या ओट्यावरून जायला नको म्हणून मी मागून फिरून घरी जाते."

माझ्याही तोंडातून ते अजून निघालं नव्हतं. नातेवाइकांना फोन हर्षदने केले. शाळेत मुख्याध्यापकांनी सांगितलं. सोसायटीच्या फळ्यावर वॉचमनने खडूने लिहिलं. बँकेत विचारलं तेव्हा मी दाखला पुढे सरकवला. लोक म्हणायचे, "आई गेली ना तुझी?" आणि मी "हो" म्हणायचे. इतके दिवस एका "हो"वर निभावलं होतं.

"पिशवी घेऊन ये," मी दर्शनाला म्हटलं. "मी तुझ्यासोबत आहे."

मालनआजी ओट्यावर बसली होती. तिच्यासोबत दोघी-तिघी होत्या, एक लसूण सोलत होती. आम्ही गल्लीत शिरलो तशी तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"ही मालवणीची पोर ना? ये गो बाय, बस." तिने ओट्यावरची टोपली बाजूला सारली आणि माझ्या मागे बघितलं. "आई कुठं हाय?"

मी बसले. दर्शना भिंतीपाशी उभी राहिली.

"गावान गेली, सांगते ही," मालनआजी म्हणाली. "येवढे दिस? मना खरां सांग. रागावली ना ती आमचेवर? त्या दिवशी मी लय बोललू तिला. दारान आयल्या मानसाला असां बोलतान काय? ती बिचारी हसून गेली, पन मनाला लागलां असल." तिने लसूण सोलणाऱ्या बाईकडे हात केला. "मागचे गल्लीतल्या या बायका कवाच्या तयार हान. मीच सांगितलां, थांबा. ती येऊ दे. तिला मी सगल्यांदेखत सांगीन, बाय, चुकलां माझां. मंग द्या काय द्याचां ते. नुसती ही पोर आयली तर कोन द्यानार नाय. सांग आईला तुझे, मालन वाट बघते."

दर्शनाने माझ्याकडे बघितलं. पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"नाही आजी," मी म्हटलं. "ती रागावली नव्हती. तिला तर..." आणि पुढचं माझ्या ओठांतच राहिलं. मी बोलले असं मला वाटलं, पण आवाज आला नसावा.

मालनआजी माझ्याकडे सरकली, तिने पदर मागे घेऊन कान पुढे केला. "या कानान ऐकू नाय येत, बाय. मोठ्यान बोल."

लसूण सोलणारीचे हात थांबले होते. समोरच्या दारातून एक बाई बाहेर येऊन उभी राहिली. मी आजीचा हात धरला. तो मिठाने खरखरीत झालेला होता.

"आजी, आई गेली," मी मोठ्याने म्हटलं. "माझी आई गेली."